पहिली गाडी, हप्ता आणि घरातली न्हाणी



मागच्या महिन्यात एका गटाची चिठ्ठी आली. चिठ्ठी चार ओळींची, पण तिच्यात अख्खं घर दिसतंय. गटातल्या एका ताईंची मुलगी तालुक्याच्या कॉलेजात बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. गावापासून कॉलेज २२ किलोमीटर. सकाळच्या प्रॅक्टिकलला वेळेत पोचवणारी एसटी नाही आणि संध्याकाळची हुकली की अंधार पडतो. मुलगी शिकवण्या घेऊन महिन्याला ४,००० रुपये मिळवते. तिला एक जुनी चारचाकी मिळतेय, दीड लाखाला. पन्नास हजार घरचे, एक लाख कर्ज. गट विचारतो, मुलीला गाडी परवडेल का, आणि हे कर्ज आम्ही द्यावं का?

आता तुम्ही म्हणाल, आपला हा इतिहासाचा कार्यक्रम, यात गाडीचा हिशेब कशाला? पण "गाडी परवडेल का" या प्रश्नालाच शंभर वर्षांचा इतिहास आहे. आणि त्या इतिहासात बायका जागोजागी आहेत, कारण हप्ता भरायचा तर घरातला कुठला खर्च कापायचा, हे शेवटी चुलीजवळ ठरतं. म्हणून आज आधी तो इतिहास सांगते आणि मग या लेकीचा हिशेब मांडू.

सुरुवात अमेरिकेत करावी लागेल. साधारण माणसाच्या दारात मोटार आली ती तिथे. १९०८ साली हेन्री फोर्ड यांनी 'मॉडेल टी' नावाची गाडी बाजारात आणली. किंमत साडेआठशे डॉलरच्या आसपास. तेव्हाच्या कारखान्यातल्या मजुराला दिवसाला सव्वादोन-अडीच डॉलर मिळायचे, म्हणजे न खाता-पिता जवळजवळ वर्षभराची मजुरी. मग १९१३ मध्ये फोर्डच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावर गाडी जोडायला सुरुवात झाली. माणूस जागेवर उभा आणि काम त्याच्यासमोर सरकत येतंय. जिथे एका गाडीचा सांगाडा जोडायला बारा तासांहून जास्त लागायचे, तिथे ते काम दीड तासावर आलं. १९१४ मध्ये फोर्डने पात्र कामगारांसाठी पाच डॉलर रोज जाहीर केला. आणि १९२५ पर्यंत मॉडेल टीचा सगळ्यात साधा प्रकार २६० डॉलरवर उतरला. पाच डॉलर रोजाने हे बावन्न दिवसांचे पैसे झाले. १९२७ मध्ये ही गाडी बंद झाली तोवर दीड कोटी गाड्या विकल्या गेल्या होत्या.

शेतकऱ्यांनी तर त्या गाडीचं काय काय केलं! मागचं चाक उचलून धरायचं, त्याला पट्टा लावायचा आणि त्यावर लाकूड कापायची करवत, मक्याचे दाणे काढायचं यंत्र, पाण्याचा पंप चालवायचा. आपल्याकडे डिझेल इंजिनाला जशी दहा कामं लावतात तसंच. पण गाडी सुरू करायला पुढे उभं राहून हँडल मारावं लागे, आणि ते उलटं फिरलं तर मनगट मोडायचं. बटण दाबून सुरू होणारी सोय साध्या गाडीला बरीच वर्षं जादा पैसे देऊनच मिळे. २६० डॉलर ही जाहिरातीतली किंमत होती, घरी आलेल्या गाडीची निराळी. हे आजही तसंच आहे म्हणून सांगितलं.

आता हप्त्याकडे येऊ. फोर्ड यांना उधारी अजिबात पटायची नाही. माणसाने पैसे साठवावेत आणि मग वस्तू घ्यावी, असं त्यांचं मत. म्हणून १९२३ मध्ये त्यांनी एक योजना काढली. दर आठवड्याला पाच डॉलर बँकेत भरायचे, त्यावर व्याज मिळणार, आणि पूर्ण किंमत जमली की गाडी घरी न्यायची. ओळखीचं वाटतंय ना? आपली आरडी ती हीच. आधी साठवा, मग घ्या.

योजना फार चालली नाही. कारण समोर जनरल मोटर्स कंपनी होती. तिने १९१९ मध्येच कर्ज देणारी वेगळी कंपनी काढली होती आणि ती सांगत होती, गाडी आज न्या, पैसे पुढे भरा. आज गाडी मिळत असेल तर वर्षभर कोण थांबणार? १९२५ च्या सुमारास अमेरिकेतल्या दर चार गाड्यांपैकी तीन हप्त्यावर विकल्या जात होत्या. शेवटी फोर्ड कंपनीनेही हात टेकले आणि १९२८ मध्ये स्वतःची कर्ज देणारी कंपनी काढली.

त्या काळातले हप्ते कसे होते ते ऐका. साधारण एक तृतीयांश रक्कम आधी भरायची आणि उरलेली वर्षभरात फेडायची. हप्ता चुकला की सावकार कंपनी गाडी घेऊन जायची. इथवर ठीक. पण तोवर भरलेलं सगळं बुडायचं. अकरा हप्ते भरले आणि बारावा चुकला, तरी हातात काही नाही. मार्था ओल्नी नावाच्या अर्थशास्त्राच्या प्राध्यापक बाईंनी यावर अभ्यास केला आहे. १९२९ च्या शेवटी अमेरिकेत महामंदी सुरू झाली, कामं सुटायला लागली. तेव्हा लोकांनी हप्ते बुडवले का? नाही. गाडी जाऊ नये म्हणून त्यांनी बाकीचा खर्च कापला. कपडे नकोत, भांडी नकोत, नवीन काहीच नको. सगळ्यांनी एकदम खरेदी थांबवल्यामुळे १९३० ची मंदी आणखी खोल गेली, असं त्या बाईंचं म्हणणं आहे. मला ते पटतं. हप्ता डोक्यावर असलेलं घर कसं वागतं हे आपण पाहिलेलंच आहे. दुकानदाराची उधारी थांबवतील, दुखणं अंगावर काढतील, पण हप्ता चुकवणार नाहीत.

याच काळात रॉबर्ट आणि हेलन लिंड हे नवरा-बायको एका मध्यम आकाराच्या गावी जाऊन राहिले. इंडियाना राज्यातलं मन्सी हे ते गाव. तिथली माणसं काय कमावतात, कशावर खर्च करतात, मुलं काय शिकतात, हे सगळं त्यांनी विचारून विचारून लिहून काढलं. १९२९ मध्ये ते पुस्तक छापलं गेलं, 'मिडलटाऊन' नावाने. त्यात एक नोंद आहे. पडक्या-झडक्या घरांत राहणाऱ्या, पण दारात मोटार असलेल्या २६ कामगार कुटुंबांना त्यांनी विचारलं, घरात आंघोळीचा टब आहे का? आपल्या भाषेत न्हाणी म्हणा. त्यांतल्या २१ घरांत तो नव्हता.

ही नोंद सांगून लोक हसतात, की पाहा, न्हाणी नाही आणि मोटार हवी. मला हसू येत नाही. मोटारीमुळे त्या माणसांना लांबच्या कामावर जाता येत होतं, रविवारी लेकरांना घेऊन कुठे जाता येत होतं. न्हाणी नसण्याचा त्रास मात्र कुणाला होत असेल? पाणी तापवून, वाहून, परातीत पोरांना आंघोळ घालणारी कोण? गाडी चालवणारा आणि पाणी वाहणारी एकच माणसं नव्हती. आपल्या गावात दारात दुचाकी आणि आत न्हाणीला आडोसा साडीचा, अशी घरं मोजायला गेलं तर शंभर वर्षांपूर्वीच्या मन्सीला नावं ठेवायला तोंड राहणार नाही. याच पुस्तकात आणखी एक गोष्ट आहे. आईबापांशी तुमची भांडणं कशावरून होतात, असं शाळेतल्या मुलामुलींना विचारलं होतं. गाडी वापरण्यावरून होणारी भांडणं त्या यादीत बरीच वर होती. म्हणजे चिठ्ठीतल्या ताईंच्या घरात जे चाललंय ते नवीन नाही.

कॉलेजातल्या मुलांनाही तेव्हा मोटारीचं वेड लागलं होतं. जुनी, दोन-तीन हातांतून गेलेली मॉडेल टी थोड्या पैशांत मिळायची. मुलं ती घेत आणि दोऱ्या-तारांनी बांधून चालवत. अपघात वाढले, अभ्यास मागे पडला, अशी ओरड झाली आणि १९२७ मध्ये मिशिगन विद्यापीठाने विद्यार्थ्यांना गाडी वापरायला बंदीच केली. ज्या राज्यात मोटारी बनतात त्याच राज्यातल्या विद्यापीठाने! मात्र मुलाकडे घेण्यापुरते पैसे असले तरी गाडी चालवायला पुरतील का, हे घरच्यांनी विचारायचं राहून जात असे, कारण जुन्या गाडीची किंमतच इतकी कमी दिसे.

आता आपल्या देशात येऊ.

आपल्याकडे स्वातंत्र्यानंतरची तीस-पस्तीस वर्षं प्रश्न वेगळाच होता. पैसे असले तरी गाडी मिळायची नाही. सोलापूरला जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाईल्स कंपनी काढली, आणि तिच्या मुंबईतल्या कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट गाडी निघायची. दुसरी होती ॲम्बॅसेडर. अशा दोन-तीनच गाड्या, आणि वर्षाला किती बनवायच्या तेही सरकारच्या परवान्यावर. नाव नोंदवून वर्षानुवर्षं वाट पाहायची. स्कूटरचंही तसंच. पुण्याजवळ आकुर्डीला बजाजच्या स्कूटर बनायच्या. १९७२ मध्ये 'चेतक' आली आणि तिच्यासाठी काही जण दहा-दहा वर्षं थांबले. नंबर लागलेला माणूस ती तशीच दुसऱ्याला विकून वर 'ऑन'चे पैसे कमवायचा. आणि ज्या वस्तूसाठी रांग असते ती लग्नाच्या बोलणीत शिरते. घड्याळ, सायकल, रेडिओ यांच्या पुढे स्कूटर जाऊन बसली. कितीतरी घरांत जावयाची पहिली गाडी ही मुलीच्या बापाच्या डोक्यावरचं कर्ज होती. परवडेल का, हा प्रश्न त्या बापाला कुणी विचारला नाही.

त्याच १९७२ साली पुण्याच्या कायनेटिक कंपनीने लूना आणली. पन्नास सीसीचं छोटं इंजिन आणि सायकलीसारखी पायडल. पेट्रोल संपलं तर पायडल मारत घरी यायचं. गावोगावच्या शिक्षिका, नर्सबाई, पोस्टात काम करणाऱ्या ताई लूनावर दिसायला लागल्या, कॉलेजच्या मुली दिसायला लागल्या. लूना का चालली याचं कारण साधं आहे. ती विकत घ्यायला स्वस्त होती आणि चालवायलाही स्वस्त होती. दोन्ही हिशेब एकाच बाजूला पडत होते. पुढे १९८४ मध्ये बटणावर सुरू होणारी, गिअर नसलेली कायनेटिक होंडा आली आणि साडी नेसून स्कूटर चालवणं आणखी सोपं झालं. माझ्या मते महाराष्ट्रातल्या बाईच्या हातात वाहन दिलं ते मोटारीने नव्हे, या छोट्या गाड्यांनी. त्यावर कुणी नीट पुस्तक लिहायला हवं.

मोटारीचं म्हणाल तर दिवस पालटले १४ डिसेंबर १९८३ ला. त्या दिवशी पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी पहिल्या मारुती ८०० ची किल्ली दिल्लीच्या हरपाल सिंग यांच्या हाती दिली. किंमत ५०,००० रुपयांच्या आसपास. हरपाल सिंग यांनी ती गाडी शेवटपर्यंत विकली नाही. मारुती ८०० तीस वर्षं बनत राहिली, २०१४ मध्ये बंद झाली. १९९१ नंतर गाडीसाठी कर्ज मिळणं सोपं झालं, पतसंस्थाही कर्ज देऊ लागल्या, आणि शिक्षक, बँकेतले कारकून, ग्रामसेवक यांच्या दारात चारचाकी उभी राहिली. या लोकांकडे एक गोष्ट होती: दर महिन्याच्या ठराविक तारखेला येणारा पगार. हप्ता हा पगाराचा सोबती. आपल्यासारख्यांकडे पैसा दुधाच्या पगारावर येतो, नाहीतर सोयाबीन विकल्यावर, नाहीतर ऊस गेल्यावर. हप्त्याची तारीख मात्र पावसाची वाट बघत नाही.

मग आली नॅनो. रतन टाटा यांनी सांगितलं होतं, की पावसात एका स्कूटरवर नवरा, बायको आणि दोन लेकरं चाललेली पाहिली आणि त्यांच्यासाठी सुरक्षित, स्वस्त गाडी करावी असं वाटलं. १० जानेवारी २००८ ला दिल्लीत त्यांनी ती दाखवली. कारखान्यातली किंमत एक लाख. २००९ मध्ये नोंदणी सुरू झाली तेव्हा दोन लाखांहून जास्त लोकांनी पैसे भरले, चिठ्ठ्या काढाव्यात तशी संगणकावर सोडत काढून पहिल्या एक लाख लोकांची नावं ठरवली. आणि तरीही गाडी पुढे चालली नाही. २०१८ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. का चालली नाही? कारखाना बंगालमधल्या सिंगूरहून गुजरातमधल्या साणंदला हलवावा लागला, त्यात वेळ गेला. काही गाड्यांनी पेट घेतला, लोक घाबरले. 'सगळ्यात स्वस्त गाडी' हा शिक्का नडला, असं पुढे स्वतः रतन टाटाही म्हणाले. माझं आणखी एक म्हणणं आहे. स्कूटरवरचं ते कुटुंब लाखभर रुपये कसेबसे जमवू शकत होतं, पण स्कूटरला महिन्याला जेवढं पेट्रोल लागायचं त्याच्या दुप्पट-अडीचपट पेट्रोल भरणं त्याला जमणारं नव्हतं. आणि ज्यांना जमणारं होतं त्यांनी जुनी मारुती घेतली.

इथे आपण त्या लेकीपाशी आलो. तीही जुनीच गाडी घेतेय. वही घ्या, लिहा.

जाऊन-येऊन ४४ किलोमीटर. महिन्याला २४ दिवस कॉलेज धरलं तर १,०५६ किलोमीटर. जुनी छोटी गाडी, आपला रस्ता, लिटरला १८ किलोमीटर धरू. साधारण ५९ लिटर पेट्रोल झालं. १०५ रुपये भावाने ६,१६० रुपये. विमा: दुसऱ्याला इजा झाली तर भरपाई देणारा विमा कायद्याने सक्तीचाच आहे. हजार सीसीच्या आतल्या गाडीला २०२२ च्या दराने तो वर्षाला २,०९४ रुपये, वर कर. महिन्याचे १७५ धरा. टायर: चार टायर १४,००० चे धरले आणि ते ४०,००० किलोमीटर चालले, तर महिन्याला ३७० रुपये बाजूला पडायला हवेत. सर्व्हिसिंग आणि बारीकसारीक काम वर्षाला ६,००० धरलं, महिन्याचे ५०० झाले. बेरीज साधारण ७,२०० रुपये. किलोमीटरला सात रुपयांच्या आसपास. यात क्लचप्लेट गेली, बॅटरी बसली, कुणी मागून ठोकलं, हे काहीच धरलेलं नाही. आणि अजून एक रुपयाचाही हप्ता धरलेला नाही.

आता हप्ता. एक लाख, तीन वर्षं, घटत्या बाकीवर वर्षाला १४ टक्के, तर हप्ता ३,४१८ रुपये. तीन वर्षांत व्याज २३,००० जातं. हेच गटातून महिना शेकडा दोनने घेतलं, तर हप्ता ३,९२३ होतो आणि व्याज ४१,००० च्या पुढे जातं. शेकडा दोन ऐकायला किती लहान वाटतं! आणि एक खास सांगते. गाडीच्या दुकानात कुणी म्हणालं, "ताई, फक्त दहा टक्के, फ्लॅट", तर लगेच हो म्हणू नका. फ्लॅट म्हणजे तुम्ही मुद्दल फेडत गेलात तरी व्याज पहिल्या दिवसाच्या पूर्ण लाखावरच. लाखाला वर्षाला दहा हजार, तीन वर्षांचे तीस हजार, हप्ता ३,६११. घटत्या बाकीच्या हिशेबाने तो दर जवळजवळ १८ टक्के पडतो. चौदा टक्के महाग आणि दहा टक्के स्वस्त, असं कानाला वाटतं, वहीत उलटं निघतं.

म्हणजे खर्च ७,२०० आणि हप्ता ३,४१८, मिळून महिन्याला १०,६०० रुपये. मुलीची कमाई ४,०००. उरलेले ६,६०० कुणाच्या दुधातून, कुणाच्या मजुरीतून जाणार, हे ताईंनी मुलीसमोर बसून वहीत लिहावं. मुलीला न दुखावता, पण लिहावं. कॉलेजची फी जूनमध्ये येते आणि टायरही त्याच सुमाराला पावसात दगा देतात.

दुसऱ्या बाजूला काय? एसटीत विद्यार्थ्यांच्या महिन्याच्या पासाला साधारण दोन तृतीयांश सवलत आहे. एका बाजूचं पूर्ण तिकीट ३५ रुपये धरलं, तर २४ दिवसांचे १,६८० होतात आणि पासाला त्याच्या तिसऱ्या हिश्शाचे, म्हणजे ५६० च्या आसपास. (बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्याबाई होळकर योजनेत पास मोफतच असतो, ही लेक त्यापुढे गेली.) पण पास स्वस्त आहे म्हणून एसटी वेळेवर येत नाही, हेही खरं. प्रॅक्टिकल बुडालं तर वर्ष जातं, आणि अंधारात फाट्यावर एकटी उभी राहणारी मुलगी काय सोसते ते तुम्हाला सांगायला नको. म्हणून "एसटी आहे ना" एवढं म्हणून तिचा प्रश्न उडवून लावू नका. मधला रस्ताही बघा. जुनी स्कूटी लिटरला ४५ किलोमीटर गेली तर पेट्रोल २,४६४ रुपयांचं लागतं, आणि स्कूटीची किंमतही पुष्कळ कमी. फाट्यापर्यंत स्कूटी आणि पुढे एसटी, असं केलं तर आणखी कमी. त्याच कॉलेजला जाणाऱ्या चार मुली मिळून एसटी आगाराला लेखी अर्ज देऊ शकतात, सोबत ग्रामसभेचा ठराव जोडून. गाड्यांच्या वेळा अशा अर्जांनी बदललेल्या आहेत.

कुणी म्हणेल, वाटेतल्या पोरी बसवू, त्या पैसे देतील. आपल्याकडे खेड्यात चारचाकी रुळली ती वडापमुळेच. कुठे काळी-पिवळी म्हणतात. गाडीने स्वतःचा खर्च स्वतः काढावा ही आपली जुनी रीत. पण खासगी, पांढऱ्या पाटीच्या गाडीत भाडं घेऊन माणसं बसवणं कायद्यात बसत नाही, आणि अपघात झाला तर विमा कंपनी त्यावर बोट ठेवते. त्या पैशांच्या भरवशावर कर्ज घेऊ नका.

आणखी एक गोष्ट चिठ्ठीत लिहिलेली नाही, पण मला दिसते. मुलीच्या नावावर पगार नाही, म्हणजे कर्ज आईच्या नावावर किंवा आई जामीन. १८७२ च्या करार कायद्यात जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच धरली आहे. "मी नुसती सही केली" हे तिथे चालत नाही. गटातली तिची पत, पुढच्या वर्षी म्हशीसाठी लागणारं कर्ज, सगळं त्या सहीला बांधलेलं. हप्ता थकला तर गाडी जाते, पण निदान रस्त्यात गुंड पाठवून गाडी ओढून नेण्याच्या रीतीवर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये कडक शब्दांत ताशेरे ओढले आहेत, आणि गाडी विकून आलेली रक्कम कर्जात वळती करून उरलेल्या पैशांचा हिशेब मागता येतो. १९२५ च्या अमेरिकन मजुराला तेवढंही नव्हतं.

आणि गाडी घ्यायचीच ठरली, तर पैसे देण्याआधी आरसी बुकावर आधीच्या कर्जाचा बोजा आहे का बघा. असेल तर तो उतरवल्याचा बँकेचा कागद हातात घ्या. गाडीला पंधरा वर्षं कधी पूर्ण होतात ते बघा, कारण मग परत पासिंग करावं लागतं. आरटीओत तीस दिवसांच्या आत आणि विम्यावर चौदा दिवसांच्या आत गाडी आपल्या नावावर करून घ्या. ओळखीचा फिटर बरोबर न्या. दुकानदाराचा नको.

आता गटाला माझं सांगणं. फोर्ड यांची न चाललेली योजना तुम्ही चार महिने चालवून बघा. आज कर्ज देऊ नका. त्या घराने जूनपासून दर महिन्याला १०,६०० रुपये गटात जमा करावेत, जणू गाडी दारात उभीच आहे. जमले, तर दसऱ्यापर्यंत ४२,४०० रुपये साठतील. घरचे पन्नास हजार धरून कर्ज ५७,६०० चंच लागेल आणि चौदा टक्क्यांनी हप्ता १,९७० वर येईल. दुसऱ्याच महिन्यात ओढाताण झाली, तर पैसे त्यांचेच आहेत, परत घ्यावेत, त्यातून स्कूटी येते. तोवर आगाराच्या अर्जाचंही काय झालं ते कळेल.

हिशेब मांडून झाला की काय ठरलं ते कळवा. पुढच्या आठवड्यात आपण विहिरीवरच्या मोटेपासून वीजपंपापर्यंतचा इतिहास बघणार आहोत, त्यावरचे प्रश्न गटाच्या मीटिंगमध्ये लिहून ठेवा. येते मी. नमस्कार.